सरवा राहू द्या



फाल्गुन सरत आलाय. जुन्नर-आंबेगावच्या पूर्वेला कालव्याच्या पट्ट्यात कांदा काढणी सुरू झालीय, गहू पिवळा पडलाय, हरभरा घरात आलाय. पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भाताची खाचरं कधीच मोकळी झाली. तिकडच्या बायका टोळ्यांनी कामाला खाली उतरल्यात.

आपल्या गटांत माळकरी आहेत, मुसलमान आहेत, रविवारी चर्चला जाणाऱ्याही आहेत. आमच्यातल्या ख्रिस्ती घरांत सध्या उपवासकाळ चाललाय. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो आणि रविवार सोडून ४० दिवस, ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत चालतो. कोणी मटण-मासे सोडतं, कोणी गोड सोडतं, कोणी एकवेळच जेवतं. उपवास कुणालाच नवा नाही. एकादशी आहे, रोजा आहे. पण आपण सोडलेला घास जातो कुठं? कुणाच्या ताटात पडतो की नुसताच डब्यात राहतो? आजचं बोलणं त्यावर आहे. त्यासाठी बायबलातली एक गोष्ट सांगतो. ती काढणीच्या दिवसांतलीच आहे.

बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचं घर. त्याच गावात दुष्काळ पडला. नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलं घेऊन परमुलखात, मवाबात गेली. तिथं नवरा वारला. मुलांची लग्नं झाली, पुढं तीही गेली. घरात उरल्या तीन विधवा, सासू आणि दोन सुना. नामी गावी परत निघाली. सुनांना म्हणाली, तुम्ही माहेरी जा. एक रडत रडत गेली. दुसरी, रूथ, गेली नाही. सासूला एकटं सोडणार नाही म्हणाली आणि तिच्या मागं परक्या गावात आली. तेव्हा तिथं सातूची काढणी लागली होती. घरात दाणा नाही, म्हणून रूथ सरवा वेचायला निघाली.

सरवा म्हटलं की आपल्याकडं वेगळं समजवावं लागत नाही. भुईमूग उपटून झाला की मागं राहिलेल्या शेंगा, सातगाव पठारावर बटाटा काढल्यावर मातीत राहिलेला बटाटा. ज्याच्याकडं शेत नाही, तो ते वेचून नेतो. मराठी बायबलातही हाच शब्द आहे.

त्या लोकांच्या धर्मशास्त्रात याचा नियमच होता. शेताच्या कडेपर्यंत कापू नका. खाली पडलेलं वेचू नका. एखादी पेंढी विसरली तर आणायला मागं फिरू नका. ते गरिबाचं, विधवेचं, पोरक्याचं आणि परक्याचं. म्हणजे सरवा ही मालकाची मेहेरबानी नव्हती, वेचणारीचा हक्क होता. आणि तो फुकटही नव्हता. रूथ दिवसभर वाकून वेचत होती, संध्याकाळी तिनं ते झोडपून दाणे काढले आणि मग घरी नेले.

शेत बवाज नावाच्या माणसाचं होतं. त्यानं तीन गोष्टी केल्या. गड्यांना बजावलं, हिला कुणी त्रास द्यायचा नाही. तहान लागली तर आमच्या भांड्यातलं पाणी पी, असं तिला सांगितलं. आणि गड्यांना हळूच म्हणाला, पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम खाली पाडा, तिला बोलू नका. दिलं, पण तिची मान खाली जाऊ दिली नाही.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी आई-वडील आणि बहीण दुष्काळात गमावली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना नुसतं जेवू घातलं नाही. शेती, विणकाम, छपाई शिकवली. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, संस्था अजून चालू आहे. तिथंही आधी भाकरी आणि लगेच काम, म्हणजे बाईची मान वर.

आता आपल्याकडं बघू. कांदा काढायला आलेली टोळीतली बाई ही आपल्या बांधावरची रूथ आहे. परगावची आहे, लेकरू झाडाखाली निजवलंय, ऊन डोक्यावर. तिला प्यायला पाणी कुठलं? आडोशाला जायला जागा कोणती? कुणी वेडंवाकडं बोललं तर तिनं कुणाला सांगायचं? शेत आपलं असेल तर या तीन प्रश्नांची उत्तरं आपण द्यायची. बराखीत कांदा भरताना मागं राहिलेली गोल्टी तिनं नेली, तर हाक मारून परत मागायची नाही.

दुसरं गटाचं. पंचसूत्रीत नियमित बैठक पहिली, ती हवीच. पण वरच्या गावांतल्या बायका दोन-दोन महिने कामाला बाहेर असतात. बैठक चुकते, दंड चढतो, बचतीपेक्षा दंड मोठा होतो. मग ती लाजेनं येणंच सोडते. जिला गटाची सगळ्यात जास्त गरज, तीच बाहेर पडते. नियम कडेपर्यंत कापला की असं होतं.

कुणी म्हणेल, असं सोडत बसलो तर गट बुडेल. रास्त आहे. कर्जाचा पैसा सगळ्यांच्या घामाचा, परतफेड झालीच पाहिजे. पण बवाजनंही सगळं शेत दिलं नव्हतं. कड सोडली होती. तेवढी कड आपण सोडू शकतो. कामाला बाहेर गेलेलीला दंड नको. तिची बचत शेजारणीच्या हाती आली तर घ्यावी. हप्ता थकला तर नाव बैठकीत मोठ्यानं वाचू नये, अध्यक्ष-सचिवांनी घरी जाऊन विचारावं आणि नवी तारीख दोघींच्या संमतीनं ठरवावी. ठराव इतिवृत्तात लिहावा, म्हणजे आज एकीला आणि उद्या दुसरीला वेगळा न्याय होणार नाही.

रूथचं पुढं बवाजशी लग्न झालं. तिच्या पणतवंडांत दावीद राजा झाला, आणि ख्रिस्ती लोक येशूचं कूळ त्याच घराण्यात सांगतात. पण त्या दिवशी शेतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिथं दिसत होती ती फक्त वाकून वेचणारी एक परकी विधवा.

ईस्टर येईपर्यंत गव्हाची मळणीही होईल. त्याआधीच्या बैठकीत एवढं एक विचारा: आपल्या गटातली कोण कामाला बाहेर गेलीय, आणि ती परत आली की तिची जागा शिल्लक आहे का?