विद्यार्थ्यांचे वजन आणि रक्तदाब



महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका दहादा पाहिली जाते. त्याचा रक्तदाब मात्र क्वचितच कोणी पाहतो. रक्तदाब हा उतारवयाचा विकार आहे, ही समजूत या उपेक्षेच्या मुळाशी आहे. ती खरी नाही.

ग्लासगो विद्यापीठात १९४८ ते १९६८ या काळात आरोग्यतपासणीस आलेल्या विद्यार्थ्यांची उंची, वजन व रक्तदाब यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. संशोधकांनी पुढे त्यांच्या उत्तरायुष्याचा मागोवा घेतला आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यार्थिदशेत ज्या तरुणांचा रक्तदाब अधिक होता, त्यांच्यात पुढे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू येण्याचे प्रमाणही अधिक आढळले. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच तो मोजल्यावाचून कळत नाही.

त्याचा वजनाशी निकटचा संबंध आहे. शरीर स्थूल झाले की हृदयाला अधिक रक्त लोटावे लागते. पोटातील चरबीमुळे मूत्रपिंडांच्या कार्यावर ताण पडून शरीरात मीठ व पाणी साठते. रक्तवाहिन्याही आकुंचित राहू लागतात.

वजन योग्य आहे की नाही, हे साध्या गणिताने कळते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. भारतीयांच्या बाबतीत उत्तर २३ किंवा त्याहून अधिक आल्यास वजन जास्त समजतात. १७० सेंटिमीटर उंचीच्या तरुणाला ही मर्यादा सुमारे ६६ किलोंवर लागते. तथापि कृश विद्यार्थ्यानेही निर्धास्त राहू नये. आनुवंशिकतेमुळे वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्याचाही रक्तदाब वाढू शकतो.

मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. अर्धा तास आधी चहा, कॉफी वा धूम्रपान नसावे. पट्टा दंडाच्या जाडीस साजेसा हवा. जाड दंडाला आखूड पट्टा बांधल्यास आकडा खोटाच फुगतो. एकदा आकडा वाढलेला दिसला म्हणून घाबरू नये. परंतु निरनिराळ्या दिवशी तो १४०/९० किंवा त्याहून अधिक आल्यास वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

उपाय महागडे नाहीत. दिवसाचे मीठ ५ ग्रॅमांहून, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून, कमी असावे. इंदूरच्या पोह्यांवरील शेव, वडोदऱ्याची शेवउसळ, वसतिगृहातील लोणचे-पापड यांतले मीठही याच हिशेबात धरावयाचे असते. आठवड्यात निदान १५० मिनिटे झपझप चालावे. स्थूल व्यक्तीचे वजन एक किलोने उतरले, तर वरचा रक्तदाब सरासरी एक मिलिमीटरने उतरतो. त्यासाठी उपासमार करू नये. विशेषतः विद्यार्थिनींनी या मोहापासून दूर राहावे.

तरुणाच्या शरीरावरून त्याची थट्टा करणे सोपे असते, पण त्याने तो तपासणीपासूनच दूर पळतो. पालकांनी व शिक्षकांनी त्याला लाजवू नये. वर्षातून एकदा त्याचा रक्तदाब मोजला जाईल एवढे पाहावे. विसाव्या वर्षी कळलेला दोष वेळीच आवरता येतो. चाळिशीत तोच कळेपर्यंत हृदयाने आणि मूत्रपिंडांनी त्याची किंमत मोजलेली असते.