मागे उभे राहून पाहा



मराठी संमेलन ग्वाल्हेर शहराला नवे नाही. १९६१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले आणि कुसुमावती देशपांडे त्याच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. आज सिटी सेंटरमध्ये गोष्ट सांगण्याच्या एका नव्या प्रकाराविषयी मी बोलणार आहे. विषय आहे गेम डिझाइन. त्यातही खेळणाऱ्याला सभोवतालचा विसर पाडणारे खेळ.

मुलाने हा विषय घरात काढला की आईवडिलांच्या कपाळावर आठी पडते. त्यांना पैसे लावून खेळायचे ॲप आठवतात. ती भीती खोटी नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने अशा खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व शैक्षणिक खेळांना उत्तेजन द्यायचे ठरवले. जुगार वेगळा आणि खेळ वेगळा, हे आता कायद्यानेच मान्य केले आहे.

मग डिझायनर करतो काय? सापशिडी आठवा. दान पडते, तुम्ही चालता. साप गिळतो, शिडी चढवते. तुम्ही एकही निर्णय घेत नाही. सोंगट्यांतही दान नशिबाचेच, पण कोणती सोंगटी हलवायची, पुढे पळायचे की मागे थांबून दुसऱ्याची मारायची, हे तुम्ही ठरवता. एका नियमाने खेळणाऱ्याचा स्वभावच पणाला लागतो. डिझायनर नियम करतो, आणि त्या नियमांत राहून माणसे कशी वागतील याचा अंदाज बांधतो. चित्रे आणि यंत्रे हे सगळे त्यानंतरचे.

आता आपल्याच किल्ल्यावर चला. राजा मानसिंह तोमरांच्या मानमंदिरातला तळघराकडे उतरणारा जिना व्हीआर, म्हणजे आभासी वास्तवाच्या, हेडसेटमध्ये उभा करायचा आहे, असे समजा. अशा हेडसेटला सेकंदाला सुमारे ९० चित्रे लागतात. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम ११ मिलिसेकंद. तेही जमले, तरी दृश्य आपोआप पायऱ्या उतरू लागले की डोळे म्हणतात, चाललोय. कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय म्हणते, जागेवरच आहोत. या भांडणात पोटात ढवळायला लागते. म्हणून अनुभवी डिझायनर पुष्कळदा पायऱ्या उतरवतच नाही. खेळणारा खालच्या टप्प्याकडे हात दाखवतो, क्षणभर काळोख होतो आणि तो तिथे पोहोचलेला असतो.

खाली अंधार आहे. वाट कशी दाखवायची? बाण काढला तर सगळी जादूच गेली. त्याऐवजी उजवीकडे पाण्याचा थेंब वाजवा. तो आवाज डाव्या कानाला एका मिलिसेकंदाहूनही कमी उशिराने पोहोचतो. मेंदूला तेवढे पुरते आणि मान वळते. युनेस्कोने २०२३ मध्ये संगीतनगरी म्हणून निवडलेल्या या गावात कानाचे महत्त्व मी वेगळे सांगायला नको.

गेम डिझाइन परदेशातच होते असे नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने २०१७ मध्ये ‘राजी’ या खेळासाठी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी २०२० मध्ये खेळ जगापुढे आला. राजस्थानी वाड्या-महालांची धाटणी, पहाडी चित्रांचे रंग आणि कथा सांगायला छायाबाहुल्या. नायिका सर्कशीतली, त्यामुळे तिच्या कोलांट्या उगाच चिकटवलेल्या वाटत नाहीत.

शिकायचे कुठे? राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आयआयटी मुंबईच्या १९६९ पासूनच्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन डिझाइन आणि ॲनिमेशन शिकवतात. पण प्रवेशाची वाट पाहत बसू नका. खेळ बनवायचे गोडो हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, आणि कागद-पेन्सिल तर घरातच आहे. दहा मिनिटांचा एक खेळ करा, मैत्रिणीला द्या आणि तोंड मिटून मागे उभे राहा. “अगं, इथे दाब ना!” असे म्हणावेसे वाटले, की समजा, तिथे तुमचे काहीतरी चुकले आहे. ते सुधारा, पुन्हा दुसऱ्या कोणाला द्या. नोकरी देणाराही प्रमाणपत्राआधी तुम्ही केलेला खेळच पाहतो.

कामे अनेक आहेत: लेव्हल डिझायनर, प्रोग्रामर, टेक्निकल आर्टिस्ट, ध्वनिसंयोजक, संवादलेखक, टेस्टर. खेळांबाहेरही हीच विद्या चालते. रेल्वेचे लोको पायलट सिम्युलेटरवर सराव करतात, शल्यचिकित्सक आभासी शस्त्रक्रियेवर हात बसवतात, संग्रहालये आणि वास्तुरचनाकारही व्हीआर वापरू लागले आहेत. पण मी साखर पेरणार नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या स्टुडिओंनी हजारो माणसे कमी केली. पहिली नोकरी बहुधा टेस्टिंगची, तीही पुण्या-मुंबईला किंवा बंगळुरू-हैदराबादला. एकाच सॉफ्टवेअरवर विसंबलेल्याचे हाल होतात. माणसे कशी वागतात हे ज्याला कळते, तो काम बदलूनही तरतो.

म्हणून माझी एकच मागणी आहे. या शहरात अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची माहिती तंत्रज्ञान संस्था आहे आणि राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठही आहे. एकीकडे प्रोग्राम लिहिणारी मुले, दुसरीकडे गाणारी, चित्रे काढणारी. त्यांना एका टेबलाशी बसवा, सोबत एक मराठी लिहिणारा द्या, आणि वर्षभरात एक छोटा खेळ मागा. पुढच्या संमेलनात अध्यक्षांच्या भाषणाचा वेळ निम्मा करा आणि उरलेल्या वेळात तो खेळ या सभागृहातल्या आजी-आजोबांच्या हाती द्या. मुलांनी मागे उभे राहावे, पाहावे आणि टिपणे घ्यावीत. त्या टिपणांतून त्यांचा खरा अभ्यास सुरू होईल.