तीन चिठ्ठ्या आणि एक मावशी

बसमध्ये असाल, नाहीतर अभ्यासिकेत पुस्तक उघडं ठेवून कानात इअरफोन घातले असतील, तर चारच मिनिटं द्या. आज माझ्या मावशीची गोष्ट. तिला विचारूनच सांगतोय.

मावशी सदाशिव पेठेत राहते, पेरुगेटच्या जवळ. वय 67. तिला बायपोलर आजार आहे आणि 22 वर्षं ती लिथियमची गोळी घेते. त्या गोळीवर तिने नोकरी केली, मुलीचं लग्न केलं, घर चालवलं. म्हणजे औषध उत्तम लागू पडलेलं.

मग बीपी निघालं. फिजिशियनकडे गेली. "आधीची काही औषधं?" त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, "नाही." कारण बाहेर वेटिंगमध्ये शेजारच्या काकू बसल्या होत्या, आणि दार अर्धं उघडं. पेठेत वेटिंगमध्ये ओळखीचं कुणी नाही, असं होतच नाही ना!

बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं थायाझाइड होतं. शिवाय मीठ कमी करायला सांगितलं. मावशी शिस्तीची, लोणचं, पापड त्याच दिवशी बंद. पुढे गुडघा दुखायला लागला, तर मेडिकलमधून आयब्युप्रोफेन आणली. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.

दहा-बारा दिवसांत तिचे हात थरथरायला लागले. कप बशीवर वाजायचा. जुलाब, चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं. आणि आम्ही घरचे काय म्हणालो? "परत तिचं ते सुरू झालं." मीसुद्धा म्हणालो.

शेवटी तिच्या सायकॅट्रिस्टना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "नवीन गोळी कुठली सुरू झाली?" मी नावं वाचून दाखवली. "आत्ताच्या आत्ता अ‍ॅडमिट करा." रक्तात लिथियम 2.1 निघालं. साधारण 0.6 ते 1 असावं लागतं, 1.5 च्या वर विषबाधेचा धोका.

झालं काय होतं? लिथियम हे मिठातल्या सोडियमचं भावंड. शरीरात सोडियम कमी पडलं की किडनी ते धरून ठेवते, आणि त्याच्यासोबत लिथियमही अडकतं. थायाझाइडने तेच होतं, मीठ एकदम तोडल्यानेही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलरमुळे किडनीतून लिथियम बाहेर पडणं कमी होतं. मावशीच्या बाबतीत तिन्ही एकदम! वर जुलाबाने पाणी गेलं ते वेगळंच.

हे जगाला नवीन नाही. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मेनियावर लिथियमचा उपयोग दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत हृदयाच्या रुग्णांना साध्या मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खायला मिळत होतं. काही जण दगावले आणि ते बाजारातून काढावं लागलं. म्हणजे तेच लिथियम एकीकडे औषध, दुसरीकडे विष. फरक मोजून-मापून देण्याचा.

मावशी वाचली. सलाइन लावलं, लिथियम काही दिवस थांबवलं, मग डॉक्टरांनी कमी डोसवर परत सुरू केलं. बीपीची गोळी बदलली. गुडघ्याला आता पॅरासिटामॉल. दर काही महिन्यांनी लिथियम, किडनी आणि थायरॉइडची तपासणी.

पण मला टोचतं ते हे, की शरीर ओरडत होतं आणि आम्ही मनाला दोष देत बसलो.

म्हणून एक काम करा. आज घरी आई-बाबा, आजी-आजोबा यांच्या सगळ्या गोळ्या एकत्र घ्या. स्ट्रिपचे फोटो काढा, एक यादी करा. मनाच्या, बीपीच्या, शुगरच्या, आयुर्वेदिकसुद्धा. ती प्रत्येक डॉक्टरला दाखवा, मेडिकलवाल्यालाही. बोलायला लाज वाटत असेल तर नुसता मोबाइल पुढे करा. आणि हे ऐकून घाबरून कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. तेही तितकंच धोक्याचं.

मावशीची यादी आता माझ्या फोनमध्ये आहे. आणि फिजिशियनच्या केबिनमध्ये शिरलं की ती आधी दार लावून घेते.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!