मिठाची पिशवी किती दिवस पुरते?

(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, मी डॉक्टर नाही. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा इंजिनिअर आहे. त्यामुळे कुणी कोणती गोळी घ्यावी, हे मी सांगणार नाही. पण मोजमाप हे माझं रोजचं काम आहे, म्हणून आज तुम्हाला एक हिशेब करायला लावणार आहे.

ज्यांच्या घरी कुणी ना कुणी बीपीची गोळी घेतं, त्यांनी हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात आहेत. आता दुसरा प्रश्न. तुमच्या घरी मिठाची एक किलोची पिशवी किती दिवस पुरते? आता एकही हात नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. सालन, पोळी, भात, पापड, फरसाण, सगळं त्यात आलं. चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम धरा, एक किलो मीठ ५० दिवस पुरायला हवं. तेच ३० दिवसांत संपत असेल, तर माणशी ८ ग्रॅमच्या वर गेलं. काही मीठ बिर्याणीच्या तांदळाच्या पाण्याबरोबर वाहून जातं, काही लोणच्याच्या बरणीत जातं, हे मान्य. पण बाहेरचा वडापाव, बेकरीची खारी, ऑफिसातले वेफर्स या पिशवीत मोजलेच गेलेले नाहीत. हिशेब ढोबळ आहे, पण घराचा अंदाज देतो. भारतात झालेल्या वेगवेगळ्या पाहण्यांतही माणशी सरासरी साधारण ८ ते ११ ग्रॅमच्या आसपास निघते.

याचा हृदयाशी संबंध काय? मिठातलं सोडियम वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं. रक्ताचं आकारमान वाढतं, नळ्यांमधला दाब वाढतो. जादा सोडियम बाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडं करतात, पण रोजच भार जास्त असेल तर बऱ्याच जणांचा दाब चढाच राहतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, धमन्या कडक होतात. आमच्या कामात सर्व्हरवर ताण आला की स्क्रीनवर लाल इशारा येतो. इथे तसं काही नाही. वरचा आकडा १४० च्या पुढे असलेला माणूस वर्षानुवर्षं मजेत फिरत असतो आणि पहिली खबर मिळते ती थेट झटक्याची किंवा लकव्याची.

आता मला खरं बोलायचं आहे ते ‘वेगळ्या वाटी’बद्दल. अब्बांना बीपी निघतो. डॉक्टर सांगतात, मीठ कमी करा. मग अम्मी मीठ घालण्याआधी त्यांच्यासाठी सालन बाजूला काढून ठेवते. आपण समोर बसून खिमा, पापड, लोणचं खातो आणि ते अळणी वाटीकडे बघतात. चार दिवस जातात. पाचव्या दिवशी ते म्हणतात, मला काय आजारी समजता का? वाटी बंद. हे माझ्या घरात झालं, मामूंच्या घरात झालं, तुमच्याही झालं असणार. चूक अब्बांच्या हट्टात शोधू नका. एका माणसाला सगळ्यांपासून वेगळं काढून बेचव खायला लावणं टिकतच नाही. शिवाय समोर बसलेला पंचवीस वर्षांचा मुलगा तेच मीठ खात खात त्याच रस्त्याने चाललेला असतो.

आम्ही घरी उलटं केलं. वेगळी वाटी बंद, सगळ्यांच्याच हंडीतलं मीठ कमी. पण एकदम नाही. मिठाच्या डब्यातला चमचा बदलला, थोडा लहान ठेवला. तीन आठवड्यांनी अजून लहान. जिभेला काही आठवड्यांत सवय होते. ब्रिटनमध्ये २००३ च्या सुमारास सरकारी मोहीम सुरू झाली, तेव्हा ब्रेडसारख्या पदार्थांतलं मीठ असंच हळूहळू उतरवत नेलं. काही वर्षांत लोकांचं मीठ सुमारे १५ टक्के कमी झालं आणि ब्रेड बेचव झाला म्हणून कुणी दंगा केला नाही. आमच्याकडे आंबटपणा वाढवला: लिंबू, कोकम, टोमॅटो. लसूण, काळी मिरी, भाजलेलं जिरं. चव तिथूनही येते.

आणि मुलांनो, हे जरा नीट ऐका. घरी जाऊन अम्मीला किंवा भाभीला भाषण देऊ नका. त्या मीठ वाढवतात, कारण आपण पहिला घास घेऊन कपाळाला आठी घालतो. तेव्हा काम आपलं आहे. दस्तरखानावरची मीठदाणी आपण उचलायची. ‘मीठ कमी आहे’ हे वाक्य महिनाभर तोंडातून काढायचं नाही.

रमजानचं तर विचारूच नका. दिवसभर रोजा, आणि इफ्तारला भजी, समोसे, पापड, वर कलिंगडावरसुद्धा चाट मसाला! खजूर मुळातच जवळपास बिनमिठाचा आहे, फळं तशीच गोड लागतात. सहरीला खारट खाल्लं की दुसऱ्या दिवशी तहान जास्त लागते, हा अनुभव सगळ्यांचा आहे. मोहल्ल्याच्या इफ्तारीचं नियोजन तुम्हीच करता, तर एक परात फळं बिनमसाल्याची ठेवून बघा. बीपीची गोळी रोज्यात कधी घ्यायची, हे रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. मनाने बंद करायची नाही.

पाकिटावरचा तक्ता वाचायला शिका. तिथे मीठ नाही, सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणा. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

सैंधव किंवा काळं मीठ चालतं का, असं बरेच जण विचारतात. तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहे, आणि त्यात बहुतेकदा आयोडीन घातलेलं नसतं. कमी सोडियमचं मीठ ही मात्र वेगळी गोष्ट. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराईडचा असतो. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर असं मीठ वापरून पाहिलं. बहुतेक जण आधी लकवा येऊन गेलेले किंवा वयस्कर बीपीवाले होते. २०२१ मध्ये निकाल आला: साध्या मिठाच्या तुलनेत लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. पण ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत, किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोक्याइतकं वाढू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

कोकणातली मंडळी खारवलेल्या मासळीबद्दल विचारणार, हे मला ठाऊक आहे. भिजवा, ते पाणी फेका, आणि रोज खाऊ नका. याहून सवलत माझ्याकडे नाही.

आज घरी गेल्यावर मिठाच्या पिशवीवर पेनाने तारीख टाका, किती माणसं जेवतात तेही लिहा. संपली की दिवस मोजा आणि पुढच्या बैठकीला आकडा घेऊन या.

बाहेर टेबलावर बीपीचं मशीन ठेवलं आहे. चहा नंतर घ्या, आधी पाच मिनिटं शांत बसा आणि मोजून घ्या. वय विशीतलं असलं तरी.