पहिलीत जाणारं लेकरू



एका लेकराला घरी रोज गोष्ट ऐकायला मिळते…
दुसऱ्याची माय सकाळीच निंदणाला जाते.
दोघंही हुशार.
तरी पहिलीत अंतर दिसतं.
ते अंतर बुद्धीचं नाही… संधीचं आहे.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी हे ओळखलं.
1945 साली त्यांनी बोर्डी गावात काम सुरू केलं…
आणि बालवाडीच लेकरांच्या अंगणात नेली.
केवढी मोठी गोष्ट!

2022 पासून आपल्या महाराष्ट्रात पहिलीत जाणाऱ्या लेकरांसाठी ‘पहिले पाऊल’ मेळावे होतात.
तिथे लेकरू उड्या मारतं, रंग ओळखतं, वस्तू मोजतं.
मायला घरचे खेळ समजावतात.

तुरीचे दाणे मोजायला द्या.
भांडी लहान-मोठी लावू द्या.
भाकरी थापताना गोष्ट सांगा.
लिहिता-वाचता न येणाऱ्या मायलाही हे जमतं.

पुन्हा सांगते… अंतर बुद्धीचं नाही, संधीचं आहे.
मेळावा कधी आहे, ते अंगणवाडीताईंना नक्की विचारा.