आडवा वारा



मी विमानाच्या सिम्युलेटरचं सॉफ्टवेअर लिहिते. ‘म्हणजे गेम?’ असं सकाळपासून तिघांनी विचारलंय, म्हणून सांगते.

सेसना १७२ हे चार आसनांचं विमान. चाचणीत त्याने पेललेला आडवा वारा १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर. धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करून २० नॉटचा वारा आला, तर त्यातला आडवा भाग १०. साइन ३० म्हणजे अर्धा. बाई, अजून पाठ आहे!

उतरताना वाऱ्याकडचा पंख जरा खाली धरायचा आणि उलट्या रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत ठेवायचं. हे सरावाने जमतं. घात होतो चाकं टेकल्यावर. ‘उतरलो एकदाचे’ म्हणून वैमानिक हात सैल सोडतो. वेग उतरतो तसा पंखावरच्या एलेरॉनचा जोर कमी होतो, वारा शेपटीला ढकलतो आणि विमान भूगोलाच्या पुस्तकातल्या वातकुक्कुटासारखं वाऱ्याकडे तोंड फिरवतं. मग धावपट्टी सोडून गवत, मोडलेलं चाक, कधी जमिनीला घासलेला पंख.

एका ग्राहकाने मागणी केली होती, चाकं टेकताच वारा बंद करा, शिकणारी मुलं वैतागतात. मी नाही म्हटलं. उलट तिथे एक झोत वाढवलाय.