भोर, वरंधा आणि आजी

आज एकटाच बोलतोय, कारण आजचा विषय जरा घरचा आहे.

पुणे-मुंबई एक्सप्रेसवे. 2002 मध्ये पूर्ण सुरू झाला, साधारण 95 किलोमीटर, सहा लेन. कॉलेज आणि नोकरी मिळून मी त्यावरून शेकडो वेळा गेलो असेन. पण वाटेतल्या एकाही गावातल्या माणसाशी माझं बोलणं झालेलं नाही. फूड मॉल, फास्टॅगचा बीप, संपलं.

माझी आजी महाड तालुक्यात राहते. तिच्याकडे जायचं तर मी सातारा रस्त्यावर कापूरहोळला वळतो. पुढे भोर, मग नीरा-देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं, आणि मग वरंधा घाट. वळणं एवढी की तिसरा गिअर विसरायचा. वाघजाईच्या देवळाजवळ गरम भजी खायची, आणि माकडांपासून ती वाचवायची (मला दरवेळी जमत नाही). तिथून खाली शिवथरघळीचं खोरं दिसतं. समर्थांनी दासबोध तिथे सांगितला असं मानतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाच टपरीवाल्या काकांनी विचारलं, "काय, आजी बरी हाय ना?" एक्सप्रेसवेवर हे कोण विचारणार!

आजोबा गेल्यावर आजी एकटी पडली, म्हणून मी दीड वर्षापूर्वी लॅपटॉप घेऊन गावालाच मुक्काम हलवला. दोन सिम, एक इन्व्हर्टर. स्टँडअपच्या ऐन वेळी लाइट जाते, टीममध्ये त्यावर जोक चालतात. चालू देत.

पण खरं सांगू? मी पण आधी रील्समधलंच गाव बघत होतो. धुकं, चहा, गळणारं छप्पर पण छान दिसणारं. तेव्हा मी एक गोष्ट सोयीने विसरलो होतो. 22 जुलै 2021 ला याच तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि 80 हून जास्त माणसं गेली. तोच डोंगर, तोच पाऊस.

गेल्या जुलैत एका रात्री आजीला श्वास घेता येईना. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुण्याला हलवा. वरंधा पावसामुळे बंद. मग अॅम्ब्युलन्स मुंबई-गोवा हायवेने माणगाव, तिथून ताम्हिणी. मी मागे बसून आजीचा हात धरलेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं, इथून पुण्यापर्यंत सहा लेनचा सरळ रस्ता असता तर! ज्या वळणांचे मी फोटो टाकायचो, त्यातलं प्रत्येक वळण त्या रात्री शिवी देऊन पार केलं.

आजी वाचली. दोन महिने पुण्यात फ्लॅटवर होती. गॅलरीत बसून म्हणायची, "हितं कोण कुणाकडं येतच नाय रं." मी म्हटलं, "आजी, तिकडे हॉस्पिटल लांब आहे." तर म्हणाली, "आणि हितं माणसं लांब हायत."

मी अजून तिच्याशी वाद घालतो. ऑक्सिजनचं मशीन घेतलंय, पावसाळ्याचे दोन महिने पुण्यात राहायचं असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. ती कितपत पाळेल, माहीत नाही.

ऑक्टोबरमध्ये घाट सुरू झाला तेव्हा तिला भोरवरूनच परत नेलं. वाघजाईला गाडी थांबवायला तिनेच लावली. काकांनी भजी दिली, पैसे घेतले नाहीत. माकडाने अर्धी पळवली आणि आजी खोकला येईपर्यंत हसली.